तळघरातला साखरेचा वर्ग

दवाखान्याने पुढे अरब रोग्यांसाठी छापलेल्या साखरेच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सहा जणांचे आभार मानले आहेत. डॉक्टर आहेत, दोन नर्स आहेत, फोटो काढणारा आहे, छपाईसाठी देणगी देणारी एक बाई आहे, आणि मशिदीच्या कमिटीतले एक गृहस्थ आहेत, जे वर्गाला एकदाही आले नव्हते. आत पाचव्या पानावर एका मोठ्या खुबूसचे, म्हणजे अरबी रोटीचे, चार तुकडे करून ठेवल्याचा फोटो आहे. शेजारी दोन खजूर, एका वाटीत शिजवलेला भात, आणि चहाचा छोटा काचेचा पेला. ते चार तुकडे करायची कल्पना माझी. दोन खजूर माझे. त्या पेल्यात साखरेचे किती चमचे बसतात हे मोजून दाखवलं तेही मीच. माझं नाव त्या सहांत नाही.

वर्ग घेणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीचंही नाव नाही. पण तिची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायची तर मला माझ्याविरुद्धही बोलावं लागेल.

मी कुवेतला अकरा वर्षं काढली. मॅट्रिकनंतर शिकलो नाही. तिथल्या एका धान्य-मसाल्याच्या पेढीवर पोती उतरवायला लागलो आणि निघालो तेव्हा पेढीची सगळी खरेदी बघत होतो. अरबी मी तराजूपुढे उभा राहून शिकलो. व्याकरण नाही, पण शिव्या, शपथा आणि घासाघीस पक्की. पुढे बायकोच्या भावाने, जो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, कागदपत्रं केली आणि आम्ही अमेरिकेत आलो. त्याचं म्हणणं होतं मी कारखान्यात लागावं. मी डिअरबॉर्नला कारखान्याच्या भिंतीपलीकडे दुकान घेतलं. आजूबाजूला सगळे येमेनी आणि लेबनीज कामगार. त्यांना मसूर, तांदूळ, दलिया, तीळ हवेत, आणि आपल्या लोकांना तूरडाळ आणि पोहे. एकाच फळीवर दोन्ही मांडली.

तिथल्या आपल्या मराठी मंडळातले डॉक्टर, इंजिनिअर शनिवारी गाड्या घेऊन यायचे. माझ्या बायकोला काकू म्हणायचे. मला शेठ म्हणायचे. त्यात मान नव्हता हे कळायला डिग्री लागत नाही.

भिंतीला भिंत लागून हाजीची बेकरी होती. दक्षिण लेबनॉनचा माणूस, पंचावन्नच्या आसपासचा, मक्केची यात्रा करून आलेला, म्हणून सगळे त्याला हाजी म्हणत. तो मला ‘या हिंदी’ म्हणायचा, म्हणजे ‘अरे हिंदुस्थान्या’. रोज सकाळी मी त्याच्याकडून खुबूसची पाकिटं घ्यायचो आणि रोज आमचं भांडण पहिल्यापासून सुरू व्हायचं. काल ठरलेला भाव आज धरायचा नाही, असा आमचा नियमच होता. त्याची बायको गल्ल्यावर बसून हसायची. मी माझ्या सख्ख्या भावाशी इतकं बोललो नसेन.

हाजीला साखर होती. नुसती होती असं नाही, चांगली मुरलेली होती. तहान, डोळ्यांपुढे धूसर, आणि पावलं बधिर. चालता चालता पायातली सपात निसटून मागे राहायची आणि त्याला कळायचं नाही. आम्ही त्यावर हसायचो. तो मात्र एकदा हसता हसता थांबला.

"माझ्या बापाचा पाय कापला होता," तो म्हणाला. "गावात. त्यानंतर तो आठ महिने जगला. खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून. या हिंदी, मला सगळं चालेल, पाय नाही. भट्टीपुढे दहा तास उभं राहायचं असतं मला."

त्या हिवाळ्यात मंडळातला आपला एक डॉक्टर दुकानात आला. पुण्याचा. शहराच्या दवाखान्यात तो साखरेचा विभाग बघायचा. तूरडाळीचं पाकीट उलटसुलट करत म्हणाला, "शेठ, तुम्हाला अरबी येतं म्हणे."

"दुकानापुरतं येतं."

"तेवढं पुरे. आमचे निम्मे पेशंट अरब आहेत हो. डाएटिशियन बोलते, ते मान डोलावतात आणि घरी जाऊन तेच खातात. दर गुरुवारी दुपारी एक क्लास सुरू करतोय. तुम्ही फक्त ट्रान्सलेट करायचं."

"मला काय मिळणार?"

"सोशल वर्क आहे, शेठ! सगळ्याचा सौदा करायचा नसतो."

मी केला. वर्ग कारखान्याची पहिली पाळी सुटल्यावर ठेवायचा. कधी पुढे ढकलला तरी शुक्रवारी, त्यांच्या नमाजाच्या दिवशी, ठेवायचा नाही. बायका वेगळ्या बाजूला बसतील, त्यांना कुणी हटकायचं नाही. आणि वर्गाच्या पाटीवर त्या मुलीच्या नावाखाली माझं नाव लिहायचं. डॉक्टर सगळ्याला हो म्हणाला. मी लेखी घेतलं नाही. धंद्यात अशी चूक मी कधी केली नव्हती. पाटीवर माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

वर्ग दवाखान्याच्या तळघरात भरायचा. पहिल्या दिवशी मी सात पुरुष आणि हाजीची बायको धरून तीन बायका जमवल्या. जमवल्या म्हणजे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागलो, दोघांना गाडीत घालून आणलं. आहारतज्ज्ञ मुलगी सव्वीस-सत्तावीसची, शेतावर वाढलेली, लाल हातांची. तिने टेबलावर रबरी अन्न मांडलं. ही तिथली पद्धत. रबरी अंडं, रबरी चौकोनी पाव, रबरी मटार. आणि मध्यभागी डुकराच्या मांसाची एक रबरी पट्टी, चरबीच्या रेषांसकट.

एक म्हातारा येमेनी उठून टोपी घालायला लागला.

"बस रे, रबर आहे," मी म्हणालो.

"रबराचं असलं म्हणून काय झालं? माझ्या पुढ्यात का ठेवलंय?"

मी ती पट्टी उचलून तिच्या पर्समध्ये टाकली. ती आधी दचकली, मग तिला समजलं आणि ती मानेपर्यंत लाल झाली. पुढे ती पट्टी पुन्हा दिसली नाही. तिच्याविषयी माझं मत त्याच दिवशी चांगलं झालं. सांगितलेलं ऐकणारी माणसं कमी असतात.

पण तिच्या कागदावर जे होतं ते यांच्यातलं कुणी खात नव्हतं. खारी बिस्किटं, डब्यातलं फळ, चीजचा पांढरा चुरा. दुसऱ्या गुरुवारी मी माझा तराजू घेऊन गेलो, आणि पिशवीत खुबूस, खजूर, मसूर, दलिया, ऑलिव्ह. तिच्या पद्धतीत सगळ्या खाण्याचे ‘एक्स्चेंज’ पाडलेले असत. पावाचा एक काप म्हणजे एक वाटा. तेवढ्याच ताकदीचा भात घेतला तर पाव सोडायचा. फळाच्या वाट्यात फळ बदलायचं. माणसाला दिवसाचे इतके वाटे ठरवून दिलेले, त्यात काय बसवायचं ते त्याने बघायचं.

मला ती पद्धत ऐकताक्षणी आवडली. ही तर अदलाबदल. हे मला जन्मापासून येतं.

आम्ही दोघांनी तराजूवर बसवलं. हाजीचा मोठा खुबूस म्हणजे तिच्या पावाचे चार वाटे. मी तो सुरीने चार सारख्या तुकड्यांत कापला आणि एक चतकोर वर धरला. "हा एक. उरलेले तीन कुठून आणणार ते बोला."

वर्गाचा बाजार झाला.

"मी चतकोर सोडतो, मला भात किती?"

"अर्ध्या वाटीच्याही आत."

"एवढासा? चिमणीला घालायचाय का?"

"मग खजूर सोड."

"खजूर माझ्या आईने सोडायला सांगितलेला नाही!"

"तुझ्या आईला साखर होती का?"

"होती! त्यातच गेली!" आणि सगळे हसले, तोही हसला.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी तिला भराभर इंग्रजीत सांगायचो, ती आकडे दुरुस्त करायची. तिने हाताच्या पाठीवर पेनने अरबी शब्द उच्चाराप्रमाणे लिहून घेतले होते. हाजीची बायको तिच्यासाठी दर वेळी काहीतरी आणायची, आणि नको म्हटलं की पुन्हा पुढे करायची. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत नको म्हणायचंच नसतं, हे मी त्या मुलीला शिकवलं, आणि तिसऱ्यांदासुद्धा अर्धं घेऊन उरलेलं परत कसं द्यायचं, हे हाजीच्या बायकोने वर्गाला करून दाखवलं. मानाने नकार देण्याचा तो धडा कुठल्या छापील कागदावर नव्हता. आता पुस्तिकेत नवव्या पानावर आहे.

हाजी सगळ्यांत हुशार विद्यार्थी होता. चहातली तीन चमचे साखर त्याने एकावर आणली. स्वतःच्याच भट्टीतला खुबूस तो चतकोर मोजून खायला लागला. रोज लघवीत पट्टी बुडवून रंग बघायचा आणि रंग चांगला आला की भिंतीवर ठोकून मला हाक मारायचा. मार्चपर्यंत तहान कमी झाली. आपला डॉक्टर त्याचे रिपोर्ट बघून म्हणाला, "एक्सलंट. क्लास वर्क होतोय." वर्ग म्हणे काम करतोय. तळघरात तराजू कोण वाहून नेत होतं ते नाही बोलला.

रमजान जवळ आला. त्या वर्षांत तो ऐन उन्हाळ्यात यायचा. मिशिगनमध्ये जूनचा दिवस संपता संपत नाही, सूर्य नऊ वाजून गेले तरी खिडकीत असतो. पहाटेपासून तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. एका गुरुवारी डॉक्टर स्वतः तळघरात आला, उभ्याउभ्याच बोलला. "त्यांना सांगा, डायबेटिस असेल तर फास्टिंग नाही. त्यांच्या धर्मातही आजाऱ्याला सूट आहे. सिंपल."

मी सांगितलं. शक्य तेवढं गोड करून सांगितलं. तरी म्हातारा येमेनी उठला, या वेळी टोपी घातली आणि आणखी एकाला घेऊन गेला. "आमचा धर्म आम्हाला हा शिकवणार?" एवढंच जिन्यावरून ऐकू आलं. दोघे परत कधी आले नाहीत. मी चार महिने फिरून जमवलेली माणसं दोन मिनिटांत गेली. डॉक्टरला मी जिन्यातच म्हटलं, "दुकान असं चालवलं असतं तर मी उपाशी मेलो असतो."

"शेठ, हे दुकान नाही," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी वर्ग संपत आला होता. मुलगी फळ्याकडे वळून पुढचा धडा लिहीत होती. पायांचा धडा होता तो. मीच तिला सांगितलं होतं की रमजानात कुणी येणार नाही, तो ईदनंतर घे. मला परतायचं होतं, माल घेऊन ट्रक यायचा होता. तेवढ्यात हाजीने विचारलं.

"या हिंदी, तिला विचार. मी रोजे धरणारच आहे, ते सोड. पण दिवसभर मी काही खाणार नाही. माझे दिवसाचे वाटे शिल्लक राहणार. ते सगळे संध्याकाळी एकदम घेतले तर चालेल ना? आणि साखर उतरवायची सकाळची गोळी पहाटे घेऊ ना, नेहमीसारखी?"

बाकीचे पुढे वाकले. प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती डॉक्टरचंच वाक्य बोलली असती, असं मला वाटलं. रोजा धरू नका. आणि हे आठ जणही उठले असते. मला आठ जण राखायचे होते. शिवाय प्रश्न मला सोपा वाटला. वाटे त्याचे, दिवस त्याचा. सकाळी नाही घेतले तर संध्याकाळी घ्यावेत, यात कुणाचं काय जातं?

"चालेल," मी म्हणालो. "दिवसाचे वाटे तुझेच आहेत. आणि गोळी कधीच चुकवायची नाही."

ती वळली. "काय विचारतायत ते?"

"ऑलिव्हचं विचारतायत," मी म्हणालो. "मी सांगितलं."

तिने मान हलवली आणि खडूचे हात पुसले.

रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, हाजीची बायको मागच्या दाराने किंचाळत माझ्या दुकानात आली. तो भट्टीपुढे पडला होता. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता आणि उजवं पाऊल भट्टीच्या खालच्या लोखंडी दाराला टेकलेलं. किती वेळ ते कुणालाच माहीत नाही, ती पुढे गिऱ्हाईक बघत होती. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. घाम, थरथर, भलतंच बोलणं, ही साखर फार खाली उतरल्याची खूण आहे, हे वर्गातलंच शिक्षण. मी फ्रिजमधला संत्र्याचा रस आणून त्याच्या तोंडात ओतला. तो गिळायचा नाही. मी त्याचं नाक दाबून शिवी देऊन पाजला.

पंधरा मिनिटांनी तो माणसात आला. जिभेवरची चव कळली तसा रडायला लागला. "माझा रोजा मोडलास तू," म्हणाला. "पाच तास राहिले होते."

मी त्याचा पाय बघितला. मोज्याला टाचेपाशी जळून भोक पडलं होतं, जुन्या रुपयाएवढं.

"दुखतंय?"

"नाही. काहीच नाही."

दुखत नाही म्हणजे फार लागलेलं नाही, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं. पायांचा धडा झाला असता तर दोघांनाही उलटं वाटलं असतं. त्याच्या बायकोने मध लावून पट्टी बांधली. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला नाही, कारण त्याने माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टरला कळलं तर पुढचे रोजे बंद करेल ही त्याची भीती. माझी भीती दुसरी होती, आणि ती तेव्हाच मला नीट माहीत होती.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "ईदपर्यंत गोळी बंद कर." तेही माझ्याच डोक्याने. पहिल्यांदा उपाशीपोटी गोळी नको तेव्हा दिली, दुसऱ्यांदा हवी तेव्हा काढून घेतली. दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी सगळे वाटे एकदम, वर गोळी नाही. जखमेला आणखी काय वाईट हवं?

ईदच्या आदल्या दिवशी खुबूस आणायला गेलो तर खमिराच्या वासात दुसरा एक वास होता. मी भाव केला नाही. त्याला खुर्चीवर बसवून पट्टी सोडली आणि तसाच गाडीत घालून इस्पितळात नेला. आधी बोटं काढली. मग पाऊल. ऑगस्ट लागता लागता गुडघ्याखालून पाय काढला.

डॉक्टरने मला ऑफिसात बोलावलं. समोर हाजीची फाइल होती.

"शेठ, त्याला वाटे साठवून खायला कुणी सांगितलं?"

"तुम्ही रोजा धरू नका म्हणालात आणि निघून गेलात. धरला तर काय करायचं ते कुणी सांगितलं?"

"माझा प्रश्न तो नाही."

"माझा तोच आहे!" मी टेबलावर हात आपटला. त्याच्या पेल्यातलं पाणी फाइलवर सांडलं. "एक माणूस ठेवला नाहीत त्यांच्या भाषेचा. एक कागद छापला नाहीत. एक वाणी फुकटात पकडलात आणि आता त्याला प्रश्न विचारताय!"

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं? फक्त ट्रान्सलेट करा, ॲडव्हाइस देऊ नका. सांगितलं होतं ना, यार?"

मी उठून आलो. वाटे साठवायला मी सांगितलं की नाही, याचं उत्तर मी दिलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. वर्ग बंद झाला. त्याची जबाबदारी त्या मुलीच्या सहीखाली होती, म्हणून तिला तिथून काढून इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रोग्यांच्या थाळ्या तपासायच्या कामावर टाकलं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसला. प्रसादाचा तांदूळ, गूळ, नारळ सगळं माझ्याकडून. मी पाण्याच्या पिंपामागे उभा होतो, आणि पलीकडे डॉक्टर चौघांना सांगत होता, "अहो, दुकानदाराच्या हातात क्लास दिला की दुसरं काय होणार? वजनकाटा घेऊन यायचा तो!" सगळे हसले. एकजण म्हणाला, "मग पाय किलोवर गेला म्हणा." मी पिंपामागून पुढे आलो. मला बघून त्यांनी प्रसादाच्या ताटाकडे हात वळवले, एकाने तर "काय शेठ, मोदक घेतलात का?" असंही विचारलं. मी बायकोला हाक मारली आणि आरतीआधीच घरी गेलो. त्यानंतर मंडळाची पायरी चढलो नाही. माझ्या कुठल्याही दुकानातून त्या घरांना तूरडाळ गेली नाही. पुढे माझी तीन दुकानं झाली.

लोकांना वाटतं मी त्या विनोदावर रुसलो. विनोद खोटा असता तर मी तिथेच त्यांचं तोंड फोडलं असतं.

हाजीने बेकरी विकली. तो स्वतःच्या मुलीकडे ओहायोला जाणार होता. निघायच्या आदल्या दुपारी मी त्याच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं. तो खिडकीशी खुर्चीत, मांडीवर शाल, खाली एकच सपात. त्याच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. मग त्याने विचारलं.

"या हिंदी, एक सांग. मी तुझ्याशी भांडत नाही. त्या दिवशी वाट्यांचं जे उत्तर आलं, ते तिने दिलेलं की तू?"

मी त्याच्याकडे बघितलं. ‘मी’ म्हणायला मला एक अक्षर लागलं असतं.

"तिने," मी म्हणालो.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "लहान आहे ती. आपल्या रोज्याचं तिला काय कळणार? तिला जाऊन सांग, माझ्या मनात काही नाही. मी माफ केलं. जाशील ना? लोक म्हणतात तिला खालच्या कामाला लावलंय. पोरीला वाटत असेल म्हातारा शाप देत असेल."

"जाईन," मी म्हणालो.

"तुझ्या आईची शपथ?"

"आईची शपथ."

म्हणून मी गेलो. दुसऱ्याच दिवशी, नाहीतर गेलोच नसतो. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात ती थाळ्यांची गाडी ढकलत होती, डोक्याला जाळी, हातात याद्या. मला बघून तिचा चेहरा खुलला. मला वाटतं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं तिला.

"कसे आहेत ते?"

"आज गेले ओहायोला. तुम्हाला निरोप आहे. ते म्हणाले, त्यांनी तुम्हाला माफ केलं."

तिला समजेना. "कशाबद्दल?"

मी थाळ्यांवरची झाकणं बघत राहिलो.

"कशाबद्दल माफ केलं?" तिने गाडी सोडली. "त्यांना मी काय सांगितलं होतं?"

शेजारून एक थाळीवाली गेली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला कळत गेलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. हळूहळू नाही, एकदम. तिने फळ्याकडून वळून काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो, ते तिला आठवलं असावं.

"त्या दिवशी ते ऑलिव्हचं विचारत नव्हते," ती म्हणाली.

मी चिडलो. बोळातच ओरडलो. चार महिने आमच्यासमोर उभी राहायचीस आणि त्यांचे सरळ वीस शब्द शिकली नाहीस, हातावर लिहून काय होतं, तुझ्या दवाखान्याने एक माणूस ठेवला नाही, सगळं माझ्या डोक्यावर टाकलं. खरं होतं त्यातलं बरंच. आजही मी ते मागे घेत नाही. मी थांबलो तेव्हा तिने खाली पडलेली यादी उचलली.

"त्यांचा पत्ता आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं.

पत्ता माझ्या खिशात होता. हाजीने स्वतःच्या हाताने लिहून दिला होता.

"नाही," मी म्हणालो.

ती गाडी ढकलत आत गेली. थाळ्या गरम होत्या, वेळ झाली होती.

हाजी पाय गेल्यावर चौदा महिने जगला. बापापेक्षा सहा महिने जास्त. त्याच्या मुलीने फोनवर मला ते सांगितलं तेव्हा मागे त्याची बायको रडत होती. मुलगी इंग्रजीत म्हणाली, "ते तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, त्या खोलीत आमच्या बाजूचा तेवढा एकच होता."